ओल्या भिंतीला कोरड्या भिंतीचं औषध: दोन पावसाळ्यांनंतर

आधी राग काढून घेतो. वॉटरप्रूफिंगच्या बादलीवर समोर ‘दहा वर्षं गॅरंटी’ हे बोटभर अक्षरात, आणि मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘फक्त कोरड्या पृष्ठभागावर वापरा’. अरे बाबा, भिंत कोरडी असती तर वीस लिटरची बादली मी काय पूजेला आणली असती?

घर लातूरकडचं, काळा दगड नि पांढरी माती, अडीच फुटी भिंत. 1993च्या भूकंपानंतर अण्णांनी धसक्यानं आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. माजघरात गुडघाभर ओल तेव्हापासूनची. मागच्या वर्षी मे महिन्यात हे वॉटरप्रूफिंग दोन हात मारलं. जुलैपर्यंत मीच गल्लीत शिफारस करत फिरत होतो. पोळ्याच्या सुमाराला कोटिंगच्या वरच्या कडेला, कमरेएवढ्या उंचीवर, पापडासारखे फोड आले. नखानं एक उकरला, आत मिठासारखा पांढरा लोणा. ओल गेली नव्हती, वर चढली होती. तक्रारीवर माणूस आला, भिंतीला हात लावला नि म्हणाला, “काका, भिंत ओली आहे.”

दिवाळीनंतर एका म्हाताऱ्या गवंडीमामांना बोलावलं. ते घरात आलेच नाहीत, बाहेरूनच बघितलं. गल्लीतला सिमेंटचा रस्ता आमच्या जोत्यापेक्षा वीतभर वर, पाणी सगळं पायाशी मुरतं. काळा दगड पाणी पीत नाही, सांध्यातली माती पिते. मग चर खणून त्याला उतार दिला, खडी भरली. आतलं सिमेंट चार फुटांपर्यंत झोडून काढलं, लोणा कोरड्या ब्रशनं झाडला (धुतला की विरघळून परत भिंतीत), आणि भिंत तीन महिने उघडी ठेवली. “पाहुण्यांना काय किल्ला दाखवायचा का?” हे मी रोज ऐकलं.

फेब्रुवारीत भिजवलेला चुना नि वाळू, एकास तीन, दोन थर. चुना हवा खाऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून वर ओली पोती. रंगालाही चुनाच, प्लास्टिक पेंट नाही.

हे लिहिता लिहिता केमिकलच्या निम्म्या शिव्या मागे घेतो. चर खणला नसता तर चुनाही झडलाच असता, फक्त स्वस्तात.

यंदा पाऊस जोराचा झाला. तळाशी चार बोटं ओल दिसते, उघडीप मिळाली की सुकते. पण पाठ टेकली की शर्ट पांढरा! माझे तीन शर्ट गेले.

बादलीचं झाकण मात्र पक्कं आहे. उरलेला चुना वर पाणी ठेवून त्यातच झाकलाय, अजून लोण्यासारखा मऊ.