हँड ब्लेंडर, आठ महिन्यांनी: टोमॅटो सूप जमलं, पांढऱ्या रश्शाला उपयोग नाही

हा ब्लेंडर घेण्याचं कारण म्हणजे ओट्यामागची भिंत. गेल्या जुलैत सर्दीने बेजार होतो. गरम काहीतरी प्यावं म्हणून टोमॅटो उकडले, उकळतेच मिक्सरच्या भांड्यात ओतले आणि बटण फिरवलं. वाफेने झाकण उडालं. टाइल्स लाल, मनगटावर चटका. कोल्हापूरला आईला फोन केला तर ती आधी हसली. "गरम कधी मिक्सरात घालायचं नसतंय. एवढं पण सांगायला लागतंय होय?" चटक्याला काय लावलंस, हे नंतर.

त्याच आठवड्यात हँड ब्लेंडर मागवला. 600 वॉटचा, स्टीलच्या दांड्याचा, सोबत चॉपरचं भांडं आणि फेटणी. किंमत दोन हजारांच्या आसपास.

पातेल्यातल्या पातेल्यात सूप घोटायचं काम तो झकास करतो. माझं प्रमाण आता बसलंय: चार टोमॅटो, एक गाजर, अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या, रंगापुरती बिटाची चकती, वाटीभर पाणी आणि कुकरच्या तीन शिट्ट्या. दांडा आधी पूर्ण बुडवायचा, मग बटण दाबायचं. उलटं केलंत तर शिंतोडे थेट शर्टावर. चाळीसेक सेकंदांत काम होतं. गाजरामुळे दाटपणा येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. बटाटा मात्र घालू नका, घोटल्यावर खळीसारखा चिकट होतो.

तरी पहिला दीड महिना माझं सूप केशरी, फेसाळ आणि किंचित कडसर व्हायचं. मी टोमॅटोवाल्याला दोष देत होतो. दांडा सारखा वर-खाली केला की हवा आत ओढली जाते, फेस होतो आणि रंग फिका पडतो, हे उशिरा लक्षात आलं. शिवाय सालं-बिया सगळंच दळून आत. आई सारासाठी उकडलेले टोमॅटो पुरणाच्या चाळणीवर पळीने घासायची. गर खाली, चोथा वर, आणि तिचा हात कोपरापर्यंत लाल. लहानपणी मला ती उगाचची मेहनत वाटायची. आता मी घोटून झाल्यावर न चुकता गाळतो. म्हणजे एक भांडं कमी घासावं लागेल हा हिशेब फसलाच.

तसं आमच्या घरात 'सूप' हा शब्द नव्हता. तो हॉटेलात मँचाव मागवताना वापरायचा. घरी होतं ते अळणी. रविवारी मटण शिजत आलं की तिखट पडायच्या आधी आई त्याचं पाणी वाट्यांमध्ये काढायची. त्यात हळद, मीठ, आलं-लसूण, बास. वर चरबीचे पिवळे गोल तरंगायचे. आम्ही भावंडं ओट्याशी उभी, कोणाच्या वाटीत बोटी आली यावरून भांडणं. उरलेल्या अळणीतूनच पुढे तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से व्हायचे.

पांढऱ्याचा प्रयोग मी नोव्हेंबरात केला. भिजवलेले काजू, तीळ आणि खसखस ब्लेंडरच्या पेल्यात घातली. काजू वाटले गेले, तीळ अर्धेमुर्धे, खसखस जशीच्या तशी दाताखाली. चॉपरने तर ती नुसती भांड्याच्या कडेला फेकली. आजी हे वाटण पाट्यावर करायची. आपल्याला निदान मिक्सरचं चटणीचं भांडं तरी हवंच. नंतर नारळाचं दूध घालून मी रश्श्याला खळखळून उकळी आणली आणि तो फुटला. ही चूक माझी, यंत्राची नाही. ब्लेंडर फिरवून सावरायला गेलो, तर वर फेस आला आणि खाली रस्सा फुटलेलाच. आई म्हणाली, "दूध घातल्यावर गॅस बारीक करायचा आणि ढवळत राहायचं. फोन कशाला बघत बसलास?" बघत होतो, खोटं कशाला बोलू.

आता तक्रारी. सलग एक मिनिटापेक्षा जास्त चालवू नका असं पुस्तिकेत लिहिलंय ते खरंच पाळावं लागतं, मुठीला गरम लागतं. वायर आखूड आहे, गॅसपासून प्लग लांब असेल तर पातेलं उचलून न्यावं लागतं. चॉपरच्या झाकणाची खाच पाचव्या महिन्यात मोडली, आणि प्लॅस्टिकचे भाग वॉरंटीत बसत नाहीत असं उत्तर मिळालं. भांडं हळदीने पिवळं झालं होतं, ते दोन दिवस उन्हात ठेवल्यावर बरंच निवळलं. पात्याला अडकलेलं बोटाने काढायचं असेल तर आधी प्लग काढा. मी साबणाच्या पाण्यात पाच सेकंद फिरवतो, तेवढं पुरतं.

होळीला आई पुण्यात आली होती. कटाच्या आमटीसाठी मूठभर शिजलेली डाळ कटातच घोटायला तिने ब्लेंडर घेतला. पुरण मात्र पुरणयंत्रातूनच काढलं, त्याला ब्लेंडर लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दही-पाणी एकत्र करून ताक करून पाहिलं आणि तिथे ती फिदा झाली. आता तिला कोल्हापूरला एक हवाय. चॉपरशिवायचा, स्टीलच्या दांड्याचा आणि लांब वायरचा कुठे दिसला तर सांगा.