क्रॉलर उंच करायचाय: मोठे टायर की पोर्टल ॲक्सल?

सरळ ॲक्सलचा १/१० क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी, खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची रिमोटची गाडी (उदा. ॲक्सिअल कंपनीची एससीएक्स१० टू), दगडावर अडते ती बहुतेक वेळा डिफच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या गोळ्यावर. लांब शॉक लावून फक्त पोट उचललं जातं, डिफ तिथंच राहतो. म्हणून खरे पर्याय दोनच.

उंची: १०८ मिमीऐवजी १२० मिमीचे टायर लावले तर डिफ ६ मिमीच वर जातो, कारण व्यासाच्या निम्मीच वाढ हाती लागते. पोर्टलमध्ये ॲक्सल चाकाच्या केंद्राच्या वर असतो आणि गिअरांनी चाकाला जोडलेला असतो; त्यामुळे चाकाजवळच्या दोन गिअरांच्या केंद्रांत जेवढं उभं अंतर, तेवढी पूर्ण उंची मिळते.

खर्च आणि खटपट: टायर स्वस्त, काम तासाभराचं. पण गिअरिंग ११ टक्के लांबतं (मोटरच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते), मोटर तापते. पिनिअन (मोटरवरचा लहान गिअर) १३ ऐवजी १२ किंवा ११ दातांचा घ्या आणि मेश, म्हणजे गिअरच्या दातांमधलं अंतर, पुन्हा जुळवा. पूर्ण स्टिअरिंगला टायर बॉडीला घासतो, तिथं फेंडर कापावाच लागतो. पोर्टल महाग, आणि दोन्ही ॲक्सल एकदमच बदलावे लागतात. एकच बदललात तर पुढची-मागची चाकं उलटसुलट फिरतील, कारण गिअरची एक जोडी दिशा उलटवते. दोन्ही बदललेत तर गाडी उलट्या दिशेनं धावेल; ब्रश मोटर असेल तर तिच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

टिकाऊपणा: पोर्टलच्या डब्यात वाळू शिरली की दात झिजतात, उघडून ग्रीस भरत राहायचं. टायरला हे लचांड नाही, सर्व्होवर (स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरवर) मात्र ताण येतो.

गाडी दोन्हींत उंच होते, म्हणून आडव्या उतारावर लवकर कलंडते. पितळी वजन चाकात बसवा, चासीवर नको.

बॉडी कापायची तयारी असेल आणि अधूनमधूनच दगडांवर जात असाल तर टायर. स्केल लुक (खऱ्या गाडीसारखं रूप) जपून अवघड दगड चढायचे असतील तर पोर्टल.