टंचाईच्या काळातले प्रेम: ‘द पॅनिक इन नीडल पार्क’ (१९७१)

‘द पॅनिक इन नीडल पार्क’ हा अमेरिकी चित्रपट आज बहुधा अल पचिनोच्या कारकिर्दीतील एक पायरी म्हणूनच आठवला जातो. ‘द गॉडफादर’साठी पॅरामाउंट स्टुडिओ या फारशा परिचित नसलेल्या नटाला घ्यायला राजी नव्हता, तेव्हा फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी याच चित्रपटातील त्याचे काम दाखवून स्टुडिओचे मन वळवले, ही हकीकत सिनेरसिकांना तोंडपाठ असते. परंतु तेवढ्यासाठी जो हा चित्रपट लावेल, त्याच्या हाती पचिनोपेक्षा बरेच अधिक लागेल. कारण दिग्दर्शक जेरी शॅट्झबर्ग यांनी येथे मध्यभागी ठेवला आहे तो व्यसनाचा बाजार, आणि त्या बाजारात जिवलगाच्या विश्वासाचीही कशी किंमत ठरते याचा हिशेब.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यू हे रस्ते ७२व्या स्ट्रीटजवळ एकमेकांना छेदतात, आणि तेथे जो मोकळा तुकडा उरतो त्याचे अधिकृत नाव शर्मन स्क्वेअर. हेरॉइन घेणाऱ्यांचा हा अड्डा झाला आणि त्याला ‘नीडल पार्क’ म्हटले जाऊ लागले. पत्रकार जेम्स मिल्स यांनी १९६५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात एका व्यसनी जोडप्याविषयी सविस्तर लिहिले होते. पुढच्या वर्षी त्यांची कादंबरी आली आणि तिच्यावरून जोन डिडियन व त्यांचे पती जॉन ग्रेगरी डन यांनी पटकथा रचली. जून १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले आणि पुढच्याच महिन्यात हा चित्रपट झळकला, पण पडद्यावर ना राजकारण्याचे भाषण ऐकू येते, ना समाजसुधारकाचे.

हेलन ही इंडियाना राज्यातून न्यूयॉर्कला आलेली तरुणी असुरक्षित गर्भपातानंतर तापाने फणफणलेली आहे आणि ज्याच्या घरी ती राहते त्या चित्रकाराला तिच्याकडे बघायला सवड नाही. त्याच्याकडे माल पोचवायला आलेला बॉबी मात्र तिची विचारपूस करतो आणि ती इस्पितळात दाखल झाल्यावर तिला भेटायलाही जातो. बडबड्या, मिस्कील आणि आपण काही ‘त्या’ अर्थाने व्यसनी नाही असे छातीठोकपणे सांगणारा हा तरुण तिला आवडणे अगदी स्वाभाविक वाटते. पुढे ती सुई टोचून घेऊ लागते, देहविक्रय करू लागते आणि शेवटी त्यालाच पोलिसांच्या हवाली करते. एवढे वाचून कथा ओळखीची वाटेल, पण चित्रपटाचे खरे बळ आहे ते शीर्षकातल्या ‘पॅनिक’मध्ये.

शहरात माल येणे थांबते तेव्हा जी टंचाई पसरते, तिला तेथील लोक ‘पॅनिक’ म्हणतात. पुडीचा भाव चढतो, तिच्यात भेसळ वाढते आणि ‘टर्की’ (नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास) लागलेला माणूस शरीराच्या यातना टाळण्यासाठी कोणाचेही नाव सांगायला तयार होतो. पोलिसांच्या दृष्टीने हाच सुगीचा काळ असतो. हॉच नावाचा गुप्त पोलीस हे सगळे हेलनला जवळजवळ शिक्षकाच्या शांतपणे समजावून सांगतो. तो तिला मारत नाही, तिच्यावर ओरडत नाही. फक्त वाट पाहतो, कारण टंचाई आपले काम करणार हे त्याला ठाऊक आहे. त्याला हवा आहे बॉबीच्या वरचा मोठा विक्रेता, आणि तेथवर पोचण्याचा रस्ता हेलनच्या गरजेतून जातो. या रचनेमुळे फितुरी हा एखाद्या खलनायकाचा दुर्गुण उरत नाही, ती त्या व्यवहाराचे चलनच होऊन बसते. हेलनला जेव्हा स्वतःच्या तुरुंगवासाच्या बदल्यात बॉबी द्यावा लागतो, तेव्हा प्रेक्षक तिला दोष देण्याआधी मनातल्या मनात तिच्या पर्यायांची मोजणी करू लागतो, आणि ते फारच थोडे निघतात.

शॅट्झबर्ग मुळात फॅशन छायाचित्रकार. बॉब डिलनच्या ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ या अल्बमवरचे किंचित अस्पष्ट छायाचित्र त्यांचेच. पण येथे त्यांनी देखणेपणाचा मोह कटाक्षाने टाळला आहे. छायालेखक अ‍ॅडम होलेंडर यांचा कॅमेरा पुष्कळदा रस्त्यापलीकडून, लांब पल्ल्याच्या भिंगातून पात्रांकडे पाहतो, त्यामुळे गर्दीतले अनोळखी लोक अधूनमधून चौकटीत येतात आणि आपण चोरून काही पाहत आहोत असे वाटत राहते. चित्रपटाला पार्श्वसंगीत अजिबात नाही. संगीतकार नेड रोरम यांच्याकडून संगीत करवून घेतले होते, तेही वापरले गेले नाही, आणि हा निर्णय अचूक ठरला असे माझे मत आहे. चमच्यात विरघळणारी पूड, आवळलेला दंड आणि शिरेत शिरणारी सुई ही दृश्ये वाहनांच्या गोंगाटाखेरीज कशाच्याही सोबतीविना पाहावी लागतात, तेव्हा रडावे की घाबरावे हे सांगायला व्हायोलिन धावून येत नाही.

एका प्रसंगाचा उल्लेख टाळता येत नाही, मात्र ज्यांना कथा आधी कळू नये असे वाटते त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. बॉबी आणि हेलन शहराबाहेर जाऊन कुत्र्याचे पिल्लू विकत घेतात. व्यसन सोडू, शहर सोडू अशा गोष्टी होतात. परतीच्या फेरीबोटीवर बॉबीला राहवत नाही, तो हेलनलाही पुरुषांच्या स्वच्छतागृहात घेऊन जातो आणि पिल्लाला दाराबाहेर ठेवले जाते. हेलन बाहेर येईपर्यंत ते पिल्लू बोटीच्या कडेकडे सरकत गेलेले असते. येथे हात सैल सुटला असता तर प्रसंग रडका झाला असता, पण संकलन इतके कोरडे आहे की पिल्लापेक्षा त्या काही मिनिटांच्या अनुपस्थितीचाच धसका अधिक बसतो.

पचिनोचा बॉबी सतत हलत असतो: च्युइंगगम, हातवारे, तिरकी चाल, मध्येच शिवी. लाघवीपणा आणि लबाडी यांची सीमा त्याने इतकी पुसट ठेवली आहे की हेलन त्याच्याकडे पुन्हा पुन्हा का वळते याचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही. तरी चित्रपट पेलला आहे तो हेलन साकारणाऱ्या किटी विन यांनीच. पहिल्यांदा नशा केल्याचे ती तोंडाने सांगत नाही. बॉबी तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि त्याला कळते, आणि ते पाहणाऱ्यालाही त्याच क्षणी कळते. त्या वर्षीच्या फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे त्यांच्या वाट्याला मोजकेच चित्रपट आले, हे प्रेक्षकांचे नुकसान म्हणावे लागेल.

दोषही आहेत. हेलन सुईकडे नेमकी का वळली, या प्रश्नाला पटकथा जवळजवळ बगल देते. एकटेपणा आणि प्रेम एवढ्यावर भागवले जाते आणि तिच्या मागच्या आयुष्याविषयी दोन-चार वाक्यांपलीकडे काही मिळत नाही. मध्यंतरी अटक, सुटका, भांडण, समेट हे चक्र इतक्यांदा फिरते की गती मंदावते. व्यसनाचे स्वरूपच पुनरावृत्तीचे असते हा बचाव मान्य केला, तरी कात्रीने थोडे अधिक काम केले असते तर बिघडले नसते. आणखी एक खटकणारी गोष्ट अशी की ज्या शहरात हेरॉइनचा सर्वाधिक तडाखा कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्त्यांना बसला होता, तेथील कथेच्या केंद्रस्थानी मात्र गोरे जोडपेच राहते.

मराठी वाचकाला ऐंशीच्या दशकातील मुंबई-पुण्याचा ‘गर्द’ (तेव्हा येथे फैलावलेली हेरॉइनची पूड) आठवल्यावाचून राहणार नाही. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पुढे व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालू लागला, तो सोबतच्या माणसाची फरफट हाही त्याच आजाराचा भाग असतो हे ओळखूनच. हेलनला असे कोणी भेटत नाही. तिच्या जगात तिची आस्थेने चौकशी करणारा एकमेव अधिकारी आहे हॉच, आणि त्याच्या आस्थेला दर आहे.

संवाद रस्त्यावरच्या बोलीत आणि एकमेकांवर आदळणारे असल्याने उपशीर्षके लावूनच चित्रपट पाहावा. टोचण्याची दृश्ये जवळून आणि निवांतपणे दाखवली आहेत, तेव्हा ज्यांना सुईची भीती वाटते किंवा जे स्वतः व्यसनातून नुकतेच बाहेर आले आहेत त्यांनी तो टाळलेला बरा. इतरांनी सुमारे पावणेदोन तासांचा हा चित्रपट एका बैठकीत पाहावा. तुकड्यातुकड्यांनी पाहिला तर टंचाईचा तो हळूहळू आवळत जाणारा फास जाणवत नाही.