सहाशे किलोमीटर, एक टाकी आणि एक पंक्चर

चित्रपटाचं नाव मुद्दाम देत नाही. करणारी मंडळी नवी आहेत, पहिलाच प्रयत्न आहे, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते त्यांच्या नावाला जन्मभर चिकटावं इतका काही माझा राग नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना पांढऱ्या टाकीपाशी ओळख पटेलच.

गोष्ट एवढीच. वडील गेले, त्यांची जुनी गाडी विकायची ठरली, गिऱ्हाईक सहाशे किलोमीटरवर, आणि एकमेकांशी धड न बोलणारे भाऊ-बहीण ती पोचवायला निघतात. गाडी काही विकली जाणार नाही हे दहाव्या मिनिटाला कळतं. त्याबद्दल तक्रार नाही, प्रवासाच्या सिनेमात पोचण्याला कोण विचारतो? पण मग प्रवास तरी दाखवा. तास-दीड तासात मला रस्ता जेमतेम दिसला.

मी बरीच वर्षं साउंड एडिटिंग केलंय, त्यामुळे डोळ्यांआधी कान कुरकुरतात. गाडी पाच गिअरची आहे. भावाचा हात खाली जातो, दांडा हलतो आणि इंजिनाचा आवाज ढिम्म बदलत नाही. चढावर जी घरघर तीच उतारावर. एकदा रेल्वेचं फाटक लागतं, गाडी थांबते, तरी तीच. पंधरा-एक सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून अख्खा प्रवास शिवलाय. जोडावर बारीक ‘टक्’ होतो. तिसऱ्या प्रसंगानंतर मी त्या ‘टक्’ची वाटच पाहायला लागलो. भाऊ-बहीण काय भांडत होते ते मला आता आठवत नाही.

गाडीतले बहुतेक प्रसंग उभ्या गाडीत घेतलेत. यात पाप काही नाही. मागे पडद्यावर रस्ता पळवायचा आणि पुढे नटांना बसवायचं, ही युक्ती १९३० च्या दशकापासून चालत आलीय. कोणीतरी बंपरपाशी बसून गाडी हलवतो, कोणी दिवा फिरवतो, आणि नीट केलं तर कळतसुद्धा नाही. पण इथे भाऊ सरळसोट रस्त्यावर स्टिअरिंग असं डावी-उजवीकडे फिरवतो की खऱ्या गाडीत दोघं केव्हाच शेतात गेली असती. आणि खिडकीबाहेर ती टाकी! उंच, पांढरी, पाण्याची, शेजारी वाकलेलं एक झाड. पहिल्यांदा दिसली तेव्हा छान वाटली. पाचव्यांदा दिसली तेव्हा बायको म्हणाली, “ही पोरं गावाला प्रदक्षिणा घालतायत का?”

पैसे नव्हते, मान्य. पण प्रत्येक गोष्टीला ही सबब कशी चालेल? मध्यावर पेट्रोल संपतं आणि दोघं अडकतात. त्याआधीच्याच शॉटमध्ये डॅशबोर्डवरचा काटा पाऊण टाकीवर स्वच्छ दिसतो. काट्याचा एक क्लोज-अप घ्यायला किती खर्च येतो? किंवा तो शॉट नुसता कापायला? ड्रोनला मात्र पैसे होते. दर काही मिनिटांनी आपण आभाळात जातो, खाली मुंगीएवढी गाडी, वर उदास पियानो. त्या मुंगीएवढ्या गाडीच्या टपावर कॅरिअर आहे, जवळून दाखवलेल्या गाडीवर नाही.

स्पीलबर्गनं १९७१ साली ‘ड्युएल’ केला तो टीव्हीसाठी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि शूटिंग दोन आठवड्यांच्या आत उरकलं. एक मोटार, एक ट्रक, आणि ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दाखवतच नाही. तरी आपण खुर्चीची कड धरून बसतो, कारण ट्रक किती जवळ आलाय हे दर क्षणी आपल्याला कळत असतं. आमच्या या चित्रपटात गाडी कुठे आहे, किती राहिलंय, दिवस कुठला, काही म्हणता काही कळत नाही.

संवादांचं तर विचारू नका. “तू नेहमीच पळून जातोस.” “मी पळत नाही, मी गाडी चालवतो.” हे वाक्य लिहून कोणीतरी स्वतःची पाठ थोपटली असणार, कारण ते पुढे दोनदा परत येतं. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या १९७६ च्या ‘किंग्ज ऑफ द रोड’मध्ये दोन माणसं जवळजवळ तीन तास ट्रकमधून हिंडतात आणि बरंचसं गप्पच असतात. गप्प बसायला तर बजेट लागत नाही.

आणि मग पंक्चर होतं.

कॅमेरा रस्त्याकडेला जमिनीलगत ठेवलाय आणि सहा-साडेसहा मिनिटं तो जागचा हलत नाही. बहुधा हलवायला माणूसच नसेल. भाऊ तोऱ्यात जॅक लावतो, गाडी उचलतो आणि मग नट सोडवायला जातो. पान्याला जोर दिला की चाकच गरकन फिरतं. (नट चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच ढिले करून घ्यायचे असतात. हे मीही असाच भर उन्हात शिकलोय.) बहीण मैलाच्या दगडावर बसून बघतेय, चकार शब्द नाही. तो मुकाट्यानं गाडी परत खाली घेतो. नट गंजलेले, म्हणून पान्यावर उभा राहतो, तोल जातो, तेव्हा ती उठते आणि त्याचा खांदा धरते. अख्ख्या चित्रपटात तोवर त्यांनी एकमेकांना हात लावलेला नाही. जॅक ओल्या मातीत रुततो, ती चपटा दगड शोधून आणते. स्टेपनी चढते. तो ओळीनं एकामागून एक नट आवळायला लागतो, तशी ती त्याच्या हातातून पाना घेते आणि समोरासमोरचे नट आवळते.

“बाबांनी शिकवलं तुला?”

“तुला शिकवत होते. मी बघत होते.”

बस, एवढंच. पियानो नाही, ड्रोन नाही. बहिणीचं काम करणारी मुलगी हे वाक्य चाकाच्या नटाकडे बघत, पाना न थांबवता म्हणते. आधीच्या पन्नास मिनिटांत तिच्याकडून रडारड करून जे जमलं नाही ते इथे होतं. पेट्रोल पंपावरच्या रात्रपाळीच्या बाईचं कामही झकास आहे, दोनच मिनिटांचं, सुटे पैसे मोजता मोजता केलेलं.

पंक्चरच्या प्रसंगाला आवाज जागेवरचाच ठेवलाय, डबिंग नाही. हेडफोन लावून ऐका. इंजिन नुकतंच बंद झालंय आणि गरम धातू आकसताना जी टिक्-टिक् होते ती ऐकू येते. आधी भरभर, मग विरळ. चाक फिरतं तेव्हा दोन टिकांमध्ये भरपूर वेळ जातो, ती पाना हातात घेते तोवर पार थांबलेली असते. हे कोणी ठरवून केलं की आपसूक झालं, देव जाणे, पण मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन ऐकला.

मग दोघं गाडीत बसतात, भाऊ किल्ली फिरवतो, घरघर सुरू होते, ‘टक्’, आणि खिडकीबाहेर टाकी.