टाइप-सी केबल: एक लग्नसराई आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मी तीन टाइप-सी केबल्स एकदम घेतल्या. दोन मीटरची नायलॉनच्या विणीची, एक मीटरची मऊ सिलिकॉनची आणि वीतभर लांबीची जाड, १० जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट डेटा नेणारी. लग्नाचे फोटो-व्हिडिओ हा आमचा धंदा. आज निपाणी, उद्या संकेश्वर, परवा खानापूर. केबल दिवसातून कितीतरी वेळा बॅगेतून निघते, ओढली जाते, खुर्चीखाली येते. पावसाळाही उलटून गेला, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

आधी मुद्द्याचं. मऊपणा आणि डेटाचा वेग एकाच केबलकडून मागू नका. मऊ, हवी तशी वळणारी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.० ची, म्हणजे जुन्या, संथ पिढीचीच असते. आत वीजपुरवठ्याच्या तारा, डेटाच्या दोन आणि चार्जरशी बोलणी करणारी एखादी बारीक तार, एवढाच पसारा. ५ किंवा १० जीबीपीएसच्या केबलमध्ये त्याशिवाय वेगवान डेटाच्या जोड्या येतात, त्यांच्यावर आवरण चढतं, म्हणून ती जाड आणि ताठ होते. लांबीलाही मर्यादा येते. साधी १० जीबीपीएसची केबल मीटरभराच्या आतच बरी. त्यामुळे 'दोन मीटर, एकदम मऊ, सुपरफास्ट डेटा' असं सगळं एका डब्यावर दिसलं की मी तो डबा खाली ठेवतो.

फरक किती पडतो? यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एमबीत ६०. प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी मिळतात. लग्नाचा १०० जीबी डेटा लॅपटॉपवरून एसएसडीवर, म्हणजे बाहेरून जोडायच्या वेगवान डिस्कवर, टाकायला पाऊण तास जातो. तोच एसएसडी आखूड जाड केबलने जोडला की पाच मिनिटांच्या आसपास काम होतं, फक्त लॅपटॉपचं पोर्टही तेवढ्या वेगाचं हवं. अक्षता पडल्यावर पंगती उठेपर्यंत बॅकअप हातात असणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. कार्यालयातली वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी उतरत चालली, की त्या पाच मिनिटांचं मोल कळतं. तिघींत माझी सगळ्यात आवडती हीच. दिसायला ओबडधोबड, पण एसएसडी मध्येच डिस्कनेक्ट झाला असं हिच्यावर एकदाही झालं नाही.

आता चार्जिंग. दुकानात सगळे विचारतात, "तुटणार नाही ना?" बेळगावच्या खडे बाजारात मलाही उत्तर मिळालं, "ओढून बघा की सर, काय होत नाही." ओढून काहीच कळत नाही. विचारायचं ते आतल्या तांब्याचं. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान, तितकी तार जाड. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणजे हिशेब दुप्पट. ५ व्होल्टवर २ अँपिअर ओढले, तर मीटरभर केबलमध्येच पाऊण व्होल्टच्या वर खर्च होतो आणि फोनला सव्वाचार व्होल्टही पोचत नाहीत. २२ गेजच्या तारेत हाच तोटा पाव व्होल्टच्या आत राहतो. चार्जर नवा, फोन नवा आणि तरी चार्जिंग रेंगाळतंय, तर आधी केबल बदलून बघा. पॉवर बँकेच्या जुन्या यूएसबी-ए पोर्टवर हे पटकन जाणवतं. ९ व्होल्टच्या फास्ट चार्जिंगमध्ये तेवढ्याच वॉटला अँपिअर कमी लागतात, त्यामुळे तोटाही कमी.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटची. त्यापुढे जायचं तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते, तीच चार्जरला '५ अँपिअर चालतील' असं कळवते. ६५ वॉटचा चार्जर साध्या केबलवर ६० च देतो. काही कंपन्यांच्या फोनचं खास फास्ट चार्जिंग मात्र त्यांच्याच केबलवर चालतं. दुसरी कितीही भारी घ्या, फोन साध्या वेगानेच चार्ज होतो.

टिकाऊपणात नायलॉनवालीने निराशा केली. वीण अजून शाबूत आहे, पण प्लगच्या मानेशी ती कॉलरमधून सरकली आणि आतलं पांढरं आवरण उघडं पडलं. तिथेच वाकवली की चार्जिंग जातं-येतं. केबल मधोमध क्वचित तुटते, मरते ती मानेशी. म्हणून विकत घेताना वीण बघत बसू नका, मान बघा. प्लगनंतरचा रबरी भाग लांब असावा, टोकाकडे निमुळता होत जावा आणि अंगठ्याने दाबल्यावर थोडा वाकावा. दगडासारखा कडक असेल, तर ताण तसाच पुढे सरकतो आणि जिथे रबर संपतं तिथे तारा तुटतात.

सिलिकॉनची हातात घेतल्याबरोबर आवडली आणि अजून आवडते. गुंडाळून ठेवली तरी पीळ धरत नाही, कॅमेऱ्याला लावली तर पोर्टवर ताण देत नाही. चार्जिंगला ती पुरेशी आहे, डेटा मात्र यूएसबी २.० चाच. दोष दोन. बॅगेतला कचरा सगळा तिला चिकटतो, आणि पांढरी घेऊ नका. एका हळदीच्या कार्यक्रमात पोरांच्या हातांनी जी पिवळी झाली, ती साबणाने धुऊनही पुरती निघाली नाही. दुसरी घेताना काळी घेतली.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला बॅग आतपर्यंत दमट होते. प्लगला ओल दिसली तर मी तो जोडतच नाही. सुक्या फडक्याने पुसून वाऱ्याला ठेवतो. ओल असताना प्लगमधून वीज वाहिली की आतल्या पिना गंजतात, आणि टाइप-सीमध्ये २४ पिना इतक्या जवळजवळ असतात की थोडा गंजही पुरतो. प्लग सैल वाटायला लागला तर लगेच केबलला दोष देऊ नका. फोन बंद करून पोर्टमधली खिशातली लव लाकडी काडीने अलगद काढा, बरेचदा तेवढ्याने प्लग पुन्हा घट्ट बसतो.

गुंडाळताना पॉवर बँकेभोवती आवळू नका. मोठं, सैल वेटोळं करून वेल्क्रोची पट्टी लावा आणि काढताना तार न ओढता प्लग धरा. हाताखालच्या पोरांना हे रोज सांगावं लागतं, पण आखूड आणि सिलिकॉनच्या केबल्स अजून धड आहेत त्या यामुळेच. नव्या लग्नसराईला चार्जिंगसाठी सिलिकॉनच्या दोन आणि डेटासाठी आखूड जाड एक जादा घेणार आहे. नायलॉनची परत नाही.