पूर्वजांच्या गावी निघण्यापूर्वी: फॅमिलीसर्च कितपत उपयोगी?

कुटुंबाची मुळे शोधण्यासाठी परदेशात काही आठवडे किंवा महिने घालवण्याचा बेत असेल, तर तिकिटे काढण्याच्या कितीतरी आधी फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडावे. खाते विनामूल्य आहे. मात्र या सेवेतील जी सामायिक, म्हणजे सर्व सदस्यांनी मिळून भरलेली, वंशावळ सर्वांत आधी नजरेत भरते, ती प्रवास आखणाऱ्याच्या फारशी कामाची नाही. खरे मोल आहे ते तिथल्या दस्तऐवजांच्या सूचीचे, आणि बहुतेक लोक नेमके तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

ही सेवा ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाची आहे. १८९४ साली अमेरिकेतील यूटामध्ये स्थापन झालेल्या वंशावळ-संस्थेने १९३८ पासून देशोदेशीच्या जन्म, विवाह, मृत्यू आणि वारसा यांच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म (पानांची अगदी लहान छायाचित्रे असलेली फिल्मची रिळे) तयार केल्या, आणि सुमारे २४ लाख रिळांचे डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झाले. दिवंगत पूर्वजांसाठी धार्मिक विधी करणे हा पंथाच्या श्रद्धेचा भाग असल्याने हा खटाटोप उभा राहिला. ज्यांना हे खटकेल, त्यांनी ते आधीच जाणून घेतलेले बरे.

सूचीमध्ये आडनाव नव्हे, तर गाव शोधावे. त्या गावाच्या कोणत्या काळातील कोणत्या वह्यांची छायाचित्रे घेतली गेली आहेत, हे तिथे कळते. नोंदीपुढे कॅमेऱ्याचे चिन्ह असेल तर पाने घरबसल्या पाहता येतात. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर पाहण्यावर काही बंधन असते, आणि पुष्कळदा ती पाने फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहता येतात. असे केंद्र आपल्याच शहरात असू शकते, म्हणजे ज्या वहीसाठी परदेशातील चार दिवस राखून ठेवायचे, ती निघण्याआधीच वाचून होते. उरलेल्या, छायाचित्रेच नसलेल्या वह्यांसाठी प्रवासातला वेळ ठेवावा. नावाने शोधून काही हाती लागले नाही, म्हणून नोंदच नाही असे मात्र समजू नये. पुष्कळ वह्यांची नामसूची अजून झालेलीच नाही, आणि त्या पानामागून पान अशाच चाळाव्या लागतात.

सूचीइतकाच उपयोगी आहे तो संकेतस्थळावरील संशोधन-विकी, म्हणजे कोणत्या देशातील नोंदी कुठे आणि कशा शोधाव्यात हे सांगणारी मार्गदर्शक पाने. त्यातून काय कळते, याची दोन उदाहरणे पाहा. आयर्लंडला निघालेल्याला १९२२ साली डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागारात झालेल्या विध्वंसाची माहिती हवीच, कारण एकोणिसाव्या शतकातील कित्येक जनगणनांची पाने तिथे नष्ट झाली. १९०१ आणि १९११ च्या जनगणना मात्र शाबूत असून ऑनलाइन मोफत पाहता येतात. आजचे युक्रेनमधील ल्विव्ह हे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली लेम्बर्ग होते आणि दोन महायुद्धांदरम्यान पोलंडमध्ये ल्वूफ होते. त्यामुळे जुन्या कागदावरचे नाव आजच्या नकाशावर शोधून भागत नाही, आणि मूळ वही भलत्याच देशात निघण्याची शक्यता राहते. मुक्काम कोणत्या शहरात करावा, हे ठरवताना असे तपशील निर्णायक ठरतात.

सामायिक वंशावळीबद्दल माझे मत कठोर आहे. दिवंगत व्यक्तींची माहिती त्यात कोणीही बदलू शकतो, आणि एकाच नावाच्या दोन माणसांपैकी भलताच आजोबा म्हणून जोडला गेला, तर अख्खा प्रवास परक्या गावाकडे वळतो. ज्या दुव्याखाली मूळ नोंद जोडलेली नाही, त्यावर हॉटेलचे आरक्षण करू नये.

स्थानिक अभिलेखागाराची वेळ, आगाऊ परवानगी किंवा सुट्या यांची चौकशी त्या त्या कार्यालयाकडेच करावी लागते. हयात नातेवाइकांचा शोधही इथे लागत नाही, कारण हयात व्यक्तींची माहिती खासगी ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे.

मूळ गावच ठाऊक नसेल, तर प्रवासाची तारीख न ठरवता आधी जहाजांच्या प्रवासी याद्या पाहाव्यात. जर्मनीतील हॅम्बर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्यांमध्ये सहसा प्रवाशाचे आधीचे राहण्याचे ठिकाण लिहिलेले असते. उपयोगी पान सापडले की त्याची प्रत, फिल्म क्रमांक आणि चित्र क्रमांक एकत्र जपून ठेवावेत. परक्या भाषेत आपली गरज समजावून सांगण्यापेक्षा हा कागद अभिलेखागारातील कर्मचाऱ्यापुढे ठेवणे सोपे जाते.