‘फादर गोरिओ’: कादंबरीला पाच तारे, या आवृत्तीला दोन

मी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. फ्रेंच लेखक बाल्झाकची ही १८३५ची कादंबरी मी खतावणीसारखीच वाचली, आणि ती तशी वाचता येते, कारण बाल्झाक पैशाचा आकडा कुठेच झाकत नाही. गोरिओ हा शेवयांचा व्यापारी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या टंचाईत धान्यावर पैसा केला आणि दोन मुलींच्या लग्नात घातला. एक काउंटच्या, म्हणजे सरदाराच्या घरी, दुसरी बँकरच्या. पण त्या घरांना सासऱ्याच्या धंद्याची लाज! पॅरिसमधल्या व्होकेरबाईंच्या राहण्या-जेवणाच्या खाणावळीत तो आधी वर्षाला १२०० फ्रँक देऊन ऐटीत राहतो, मग ९०० देतो, शेवटी वरच्या मजल्यावर महिना ४५. माणूस कसा खचत गेला ते एवढ्यावरच कळतं.

त्याच खाणावळीत रास्तिन्याक राहतो. अंगुलेमकडचा, नावाला सरदार घराणं, कायदा शिकायला पॅरिसला आलेला. घरचं उत्पन्न वर्षाला ३०००, त्यातले १२०० एकट्या याला. आपल्याकडे कापूस विकला की आधी पुण्याला स्पर्धा परीक्षेवाल्या पोऱ्याला पैसे जातात. त्या घरांना हे समजावून सांगायला नको. रास्तिन्याक मात्र चिखलातून पायी काउंटेसकडे, म्हणजे गोरिओच्याच मुलीकडे जातो. वाटेत बूट पुसून घेतो, तरी गाडी नाही म्हटल्यावर नोकरसुद्धा तुच्छतेने बघतात. मग आईला पत्र: आणखी १२०० पाठव, वडिलांना सांगू नकोस. आई दागिने मोडते, बहिणी साठवलेले ३५० देतात. हा आईचं उत्तर वाचून रडतो, आणि त्याच पैशावर नवे कपडे शिवतो. मला त्याचा राग आला आणि पुढचं पान उलटल्याशिवाय राहवलंही नाही.

सगळ्यात पक्का हिशेबी मात्र व्होत्रँ, फरारी कैदी. तो रास्तिन्याकला सांगतो की सरळ वाटेने गेलास तर तिशीच्या सुमारास न्यायाधीश होशील, पगार वर्षाला १२०० फ्रँक. म्हणजे घरून आज येतात तेवढेच! शेवट सांगत नाही. सुरुवातीला खाणावळीचं वर्णन लांबतं, तिथे पुस्तक ठेवून देऊ नका.

आता आवृत्ती. ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. कागद इतका पातळ की मागची ओळ पुढे दिसते, अक्षर मुंगीएवढं. अनुवादकाचं नाव कुठेच नाही, पण मजकूर एलेन मॅरेज यांच्या जुन्या इंग्रजी अनुवादाचा आहे. टिपा एकही नाहीत. निदान २० सू (जुनी फ्रेंच नाणी) म्हणजे १ फ्रँक एवढं तरी छापायचं, पुढे ते लागतं. हाच अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे, मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचा. कागदावरच हवं असेल तर अनुवादकाचं नाव आणि टिपा असलेली प्रत बघून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.